मातीच्या वासाचा जनुक आणि डिझाइनची मुलं

पहिल्या पावसाच्या वासावर मराठीत इतक्या कविता झाल्या आहेत की यापुढे त्यावर लिहिणाऱ्याकडून दंड घ्यायला हरकत नाही. तेव्हा मी सरळ रसायन सांगतो. त्या वासातला ठळक वाटा जिओस्मिन नावाच्या एका रेणूचा असतो. ‘जिओ’ म्हणजे भूमी, ‘ऑस्मे’ म्हणजे वास, दोन्ही शब्द ग्रीक. १९६५ साली अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात नॅन्सी गर्बर आणि ह्युबर्ट लेशव्हालिए यांनी हा रेणू वेगळा काढला आणि त्याचं बारसंही केलं. माती तो बनवत नाही. मातीत राहणारे स्ट्रेप्टोमायसीस कुळातले जीवाणू बनवतात. (क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसीन ज्यांनी दिलं तेच हे कूळ.) माणसाचं नाक या एका रेणूच्या बाबतीत भलतंच तिखट आहे. लाख कोटी भागांत पाचेक भाग असले तरी आपल्याला तो जाणवतो. २५ लाख लिटरचा पोहण्याचा तलाव घेतला तर त्यात साधारण १३ मिलिग्रॅम, म्हणजे चिमटीभर मिठाहूनही कमी.

२००९ साली बेंगळुरूतल्या ‘सृष्टी’ या कला आणि डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेतल्या काही विद्यार्थ्यांनी हा वास दुसऱ्याच एका जीवाणूकडून करवून घ्यायचं ठरवलं. जीवशास्त्र हा त्यांचा विषय नव्हता. सोबत होते सृष्टीतलेच कलाकार यशस शेट्टी, आणि पाठीशी होती त्याच शहरातली एनसीबीएस, म्हणजे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र. संघाचं नाव ‘आर्टसायन्स बँगलोर’. हे काम घेऊन ते तेव्हा अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात भरणाऱ्या ‘आयजेम’ स्पर्धेत उतरले. जनुकांचे सुटे भाग जोडून नव्या गुणाचा जीव तयार करायचा, अशी ही विद्यार्थ्यांची स्पर्धा. त्या वर्षी शंभराहून जास्त संघ होते आणि त्यातले बहुतेक जीवशास्त्र आणि इंजिनिअरिंगवाल्यांचे.

‘कला आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी एकत्र काम करावं’ हे वाक्य हल्ली प्रत्येक शैक्षणिक भाषणात येतं. एकत्र बसल्यावर नेमकं काय करायचं, हे मात्र क्वचित कुणी सांगतं. न सांगितलेलं उत्तर बहुतेक वेळा असं असतं की विज्ञानवाले शोध लावतील आणि कलावाले पोस्टर करतील. लग्न ठरलं, मांडव पडला, आता रांगोळीला कुणीतरी हवं, तसा हा प्रकार. रांगोळीला माझा विरोध नाही. पण त्याला सहकार्य म्हणू नये.

आपल्याकडे तर शब्दापासूनच घोळ आहे. ‘तो आर्ट्सला गेला’ म्हणजे इतिहास किंवा राज्यशास्त्र घेतलं. चित्र काढणारा ‘जेजे’ला किंवा ‘अप्लाइड’ला जातो, आणि त्याचा दहावीनंतरच्या तीन रांगांत कुठेच हिशेब नसतो. या लेखात कला म्हणजे हाताने, डोळ्याने, कानाने करायची ती कला.

तर मातीच्या वासाकडे परत. हे काम कसं चालतं ते जरा जवळून पाहू, कारण ‘जनुक बसवला’ असं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर सिनेमातला निळा उजेड येतो. प्रत्यक्षात समोर बर्फाचा डबा असतो.

जिओस्मिन तयार करायला स्ट्रेप्टोमायसीसला एकच प्रथिन पुरतं, ७२६ अमिनो आम्लांची एक साखळी. तिचे दोन भाग म्हणजे एकाच दुकानातले दोन कारागीर. पहिला १५ कार्बन अणूंचा कच्चा माल घेऊन त्याला वळवून वेटोळ्याचा आकार देतो. दुसरा ते वेटोळं घेतो, पुन्हा वळवतो आणि तीन कार्बनचा तुकडा छाटून टाकतो. उरतात १२ कार्बन, तोच आपला वास. छाटलेला तुकडा म्हणजे अ‍ॅसिटोन, नेलपॉलिश पुसायला वापरतात तेच. मृद्गंधाचा भुसा नेलपॉलिश रिमूव्हर निघावा, हे मला अजूनही गमतीचं वाटतं.

आता आपल्या आतड्यात राहणारा आणि प्रयोगशाळांत पाळीव झालेला ई. कोलाय हा जीवाणू घ्या. १५ कार्बनचा तो कच्चा माल त्याच्याकडे स्वतःच्या कामापुरता असतोच. नसतो फक्त कारागीर. त्या कारागिराची कृती, म्हणजे जनुक, डीएनएच्या एका छोट्या गोल कड्यात जोडायची. या कड्याला प्लाझ्मिड म्हणतात. मग ते कडं आणि जीवाणू एका बारक्या नळीत एकत्र बर्फात अर्धा तास ठेवायचे. नंतर नळी ४२ अंशांच्या पाण्यात साधारण ४५ सेकंद बुडवायची आणि पुन्हा बर्फात. या धक्क्यात काही जीवाणूंच्या आवरणातून कडं आत शिरतं. कमी वेळ ठेवलं तर आत जात नाही, जास्त ठेवलं तर जीवाणू मरतात. नंतर ते थाळीवर पसरून ३७ अंशांवर रात्रभर वाढवायचे. थाळीत असं प्रतिजैविक घातलेलं असतं की ज्यांच्यात कडं शिरलं तेच जगतात. सकाळी पांढुरके ठिपके दिसले की काम झालं. बहुतेक वेळा दिसत नाहीत.

एचिंग, म्हणजे पत्र्यावर आम्लाने चित्र कोरून त्याचे छाप काढायचं काम, केलेल्या कुणालाही यात परकं असं काही वाटणार नाही. जस्ताचा पत्रा आम्लात किती सेकंद ठेवायचा, उन्हाळ्यात किती, थंडीत किती, हे तिथेही हाताला कळावं लागतं आणि घाई केली की पत्रा वाया जातो. कलावाल्यांना प्रयोगशाळेची शिस्त जमत नाही असं मानणाऱ्यांनी छापचित्रांचा स्टुडिओ आतून पाहिलेला नसतो.

पण हात चालणं हा फार तर निम्मा भाग. दुसरा निम्मा असा की, प्रश्न कोणाचा? यासाठी एक जोडी शेजारी ठेवून पाहावी. २००६ साली याच स्पर्धेत एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी ई. कोलायला वास दिला होता. जीवाणू भराभर वाढत असताना त्याला विंटरग्रीनचा वास यायचा, म्हणजे दुखऱ्या गुडघ्याला चोळायच्या मलमातला. वाढ थांबली की केळ्याचा. काम सुबक होतं. जीवाणूंची वाढ कुठल्या टप्प्यावर आहे ते यंत्रात न घालता नुसतं हुंगून कळावं, असा तो इशारा. लाल दिवा, हिरवा दिवा, तसे दोन वास.

तीन वर्षांनी बेंगळुरूच्या मुलांनीही वासच घेतला. तंत्र जवळपास तेच. पण त्यांच्या वासाने कसलाच इशारा द्यायचा नव्हता. पावसाचा वास ही आठवण आहे, ऋतू आहे, आणि ती नळीत करता आली तर तिचं काय होतं, असा रोख. एमआयटीच्या मुलांना वास हे साधन होतं, या मुलांना वास हाच विषय. जीवशास्त्राच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात हा प्रश्न सापडणार नाही. आणि जनुक कसा बसवतात ते माहीत नसलेल्या कलाकाराला तो सुचला तरी त्याची कविताच झाली असती. (दंड आठवतो ना?)

हा प्रश्न पोकळ नाही, याचा पुरावा जिओस्मिनच देतो. पहिल्या सरीत हवाहवासा वाटणारा हाच रेणू नळाच्या पाण्यात उतरला की लोक तक्रार करतात की पाणी मातकट लागतंय. तळ्यातल्या माशाला येणारा चिखलाचा वास त्याचाच. बीटरूट न आवडणाऱ्यांचं भांडणही बरंचसं याच्याशीच. रेणू एक, नाक एक, पण अंगणात आला तर सुख आणि पेल्यात आला तर शिसारी. संदर्भाने अर्थ बदलतो हे कलाशिक्षणात पहिल्या वर्षी शिकवतात. रसायनाच्या वर्गात रेणूचं सूत्र शिकवतात, आणि ते दोन्हीकडे सारखंच असतं.

शिवाय हा वास बाटलीत भरण्याची कल्पना नवी नाहीच. उत्तर प्रदेशात कनौजला भाजलेल्या मातीच्या थापट्या तांब्याच्या डेगेत उकळतात, वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात, म्हणजे ती थंड करून धरायच्या भांड्यात, नेतात आणि भपक्यातल्या चंदनाच्या तेलात ती मुरवतात. झालं मिट्टी अत्तर. पावसाच्या वासाला ‘पेट्रिकोर’ हे नाव देणारा शोधनिबंध १९६४ साली इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियन संशोधकांनी लिहिला. त्यांनाही या अत्तराची खबर होती. म्हणजे कारागिराने आधी पकडलं, शास्त्रज्ञाने नंतर नाव दिलं.

आता पुन्हा २००९ च्या आयजेम स्पर्धेकडे. तिथे अव्वल आला तो संघ केंब्रिज विद्यापीठाचा. सात पदवी विद्यार्थ्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत ई. कोलायला नुसत्या डोळ्यांनी दिसतील असे रंग तयार करायला शिकवलं. टोमॅटोतला लाल, गाजरातला नारिंगी, शिवाय जांभळा, तपकिरी, हिरवा. हेतू असा की पाण्यात विष असेल तर जीवाणूने रंग बदलून सांगावं. काम पुरतं व्हायच्या आधीच, अजून थाळ्यांवर ठिपके मोजणं चालू असताना, त्यांच्यात लंडनचे दोन डिझायनर येऊन बसले. अलेक्झांड्रा डेझी गिन्सबर्ग आणि जेम्स किंग. त्यांनी पोस्टर केलं नाही. त्यांनी विचारलं की हे तंत्र खरंच पसरलं तर पुढच्या शंभर वर्षांत कुठे कुठे जाईल? अन्नातले रंग? रंगाचं पेटंट? दहशतवाद?

त्यातून एक ब्रीफकेस निघाली. बँकेतले साहेब नेतात तशी. उघडली की आत फोमच्या खाचांत नीट बसवलेले शौचाचे रंगीबेरंगी नमुने. (नकली. काळजी नसावी.) कल्पना अशी: दही प्यायच्या बाटलीतून हे जीवाणू पोटात जातील, आतड्यात एखाद्या रोगाची खूण सापडली की रंग सोडतील, आणि सकाळी माणसाला संडासात निदान कळेल. ही पेटी घेऊन ते थेट स्पर्धेला गेले. ज्यांनी महिनोन्‌महिने ‘रोगनिदानासाठी उपयुक्त’ असं स्लाइडवर लिहिलं होतं, त्यांच्यापुढे त्या उपयुक्ततेचा घरातला चेहरा उघडून ठेवला. जांभळी शी पाहून आनंदाने डॉक्टरकडे जाणारा माणूस कोण? मुलाला कोण समजावणार? हे प्रश्न हसू आणतात आणि मग हटत नाहीत.

वेळ कुठली साधली ते महत्त्वाचं. यंत्र बनल्यावर डिझायनरला बोलावलं तर तो खोक्याचा रंग ठरवतो. यंत्र अजून कागदावर असताना बोलावलं तर तो विचारू शकतो, हे यंत्र कोणाच्या स्वयंपाकघरात ठेवायचं? गिन्सबर्ग पुढे वासाकडेच वळल्या. संग्रहालयात जपून ठेवलेल्या वाळक्या नमुन्यांच्या डीएनएवरून, कायमच्या नष्ट झालेल्या फुलांना कसला वास असेल याचा अंदाज बांधायचं काम त्यांनी जीवशास्त्रज्ञ आणि गंधकलाकाराबरोबर केलं. तो वास मूळ फुलाचा तंतोतंत नाही, आणि ते तसं सांगतातही.

आता अडतं कुठे? पहिलं अडतं ते भाषेत. मराठीत तर मजा आहे. नाटकाचाही प्रयोग आणि प्रयोगशाळेतलाही प्रयोग. एकच शब्द, दोन अगदी उलट अपेक्षा. विज्ञानाच्या प्रयोगाने दर वेळी तेच उत्तर द्यावं. पुण्यात एक आणि नागपुरात दुसरं आलं तर तो बाद. नाटकाचा शंभरावा प्रयोग नव्व्याण्णवाव्यासारखाच झाला तर जाणकार म्हणतो, आज रंगला नाही. तसंच ‘माध्यम’. चित्रकाराचं माध्यम जलरंग, जीवशास्त्रज्ञाचं माध्यम म्हणजे जीवाणूंना वाढवायचा रस्सा. एका टेबलाशी बसलेले दोघं ‘माध्यम बदलून बघू’ म्हणतात आणि तासाभराने कळतं की एक जण कागदाबद्दल बोलत होता. यात गैर काही नाही. पहिले दोन आठवडे या गोंधळाला द्यावेच लागतात, आणि विद्यापीठाच्या वेळापत्रकात नेमके तेच नसतात.

दुसरं, गुण. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला ‘निष्कर्ष’ लिहायचा असतो, कलेच्या विद्यार्थ्याला ‘ज्यूरी’पुढे काम मांडायचं असतं. एकाच कामाला दोन परीक्षक बसवले की दोघंही आपापल्या बाजूचं तेवढं पाहतात आणि दुसरी बाजू भरताड समजतात. माझं स्पष्ट मत असं की एकत्र काम असेल तर परीक्षकही एकत्र बसवावेत, एकाच खोलीत, आणि त्यांचं आधी भांडण होऊ द्यावं.

तिसरं, नियम. भारतात जनुक बदललेल्या सूक्ष्मजीवांबाबत पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे १९८९ चे नियम आहेत. परवानगीशिवाय असा जीव प्रयोगशाळेबाहेर नेता येत नाही. म्हणजे पावसाचा वास देणारा जीवाणू केला तरी तो पावसात सोडता यायचा नाही आणि कलादालनात उघडाही ठेवता यायचा नाही. कलावाल्यांना हे जाचक वाटतं. मला वाटतं ही अडचण त्यांच्या कामाचाच भाग करून घ्यावी. बाहेर जायला मनाई असलेला मृद्गंध, यापेक्षा चांगला विषय कुठला मिळणार?

नियम नसलेल्या ठिकाणीही जिवंत वस्तू आपला हट्ट दाखवते. पर्थमधल्या वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठात २००० साली शरीररचनाशास्त्राच्या विभागातच कलाकारांसाठी ‘सिम्बायोटिका’ ही प्रयोगशाळा सुरू झाली. तिथल्या ओरॉन कॅट्स आणि आयोनाट झर यांनी विरघळणाऱ्या सांगाड्यावर पेशी वाढवून बोटभर उंचीचं एक ‘चामड्याचं’ जाकीट केलं, जनावर न मारता. २००८ साली ते न्यू यॉर्कच्या मोमा संग्रहालयात ठेवलं. ते तिथे वाढतच राहिलं, बाही सुटायला आली, आणि शेवटी संग्रहालयाला त्याचं पोषण बंद करावं लागलं. हत्येविना चामडं दाखवायला गेले आणि प्रदर्शनाच्या प्रमुखांवरच त्याला मारायची वेळ आली. ही गोष्ट कुठल्याही नीतिशास्त्राच्या पेपरापेक्षा जास्त शिकवते.

आपल्याकडे हे सगळं परदेशीच आहे असं नाही. एनसीबीएस ज्या टीआयएफआरचा, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा, भाग, त्या मुंबईच्या संस्थेच्या भिंतींवर होमी भाभांनी हौसेने आधुनिक भारतीय चित्रं लावली. हुसेन यांचं भलंमोठं भित्तिचित्रही तिथे आहे. सुंदरच. पण भिंतीवरचं चित्र आणि टेबलावरचं काम यांत फरक राहतो. टेबलावरचं उदाहरण हवं तर हा लेख ज्या अक्षरांत आहे त्यांच्याकडे पाहा. आयआयटी मुंबईत १९६९ पासून आयडीसी हा डिझाइनचा विभाग आहे. तिथे जेजेत घडलेले कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी शिकवायला होते. पुढे विंडोजवर वर्षानुवर्षं आपण जो ‘मंगल’ फाँट पाहिला तो त्यांच्या हातचा. ‘कि’ हे अक्षर घ्या. बोलताना आधी क, मग इ. संगणकाच्या साठवणीतही क आधी. पण लिहिताना वेलांटी आधी, क नंतर. प्रोग्रामर साठवणीच्या क्रमाने विचार करतो, लेखणी धरणारा नजरेच्या. रफार त्याहून द्वाड, उच्चार आधी आणि जागा पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. हे दोन क्रम जुळवायला दोघांना एकाच पडद्यासमोर बसावं लागतं. एकट्या इंजिनिअरने केलेली देवनागरी कशी दिसते, ते जुन्या छापील बिलांवर आपण पाहिलेलं आहे.

माझं स्वतःचं सहकार्य एवढं थोर नव्हतं. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी माझ्या प्रकल्पाचं पोस्टर करायचं होतं आणि खोलीतला मित्र अप्लाइड आर्टचा. मी त्याला पेशीतल्या साखळी क्रियांची आकृती दिली, चौदा बाण असलेली, आणि म्हटलं, जरा छान करून दे. त्याने पाच मिनिटं पाहून विचारलं, “यातला कुठला बाण तू स्वतः बघितलास?”

“म्हणजे?”

“म्हणजे तुझ्या प्रयोगात दिसलेला कुठला, आणि पुस्तकातून उचललेला कुठला? दोन्हींची रेघ मी सारखीच कशी काढू?”

मी मोजले. माझे तीन निघाले. त्याने ते तीन जाड काळे काढले आणि उरलेले अकरा बारीक तुटक रेघांनी. रात्री दोन वाजता मी त्याच्याशी भांडलो की यात माझं काम फार कमी दिसतंय. तो म्हणाला, “जेवढं आहे तेवढं दिसतंय.”

सादरीकरणाच्या दिवशी बाहेरून आलेले परीक्षक माझ्या पोस्टरसमोर शेजारच्या पोस्टरपेक्षा बराच जास्त वेळ थांबले. चष्मा वर करून त्यांनी जाड बाण मोजले, मग माझ्याकडे पाहिलं.

“तीनच?”